२४० दिवस, ५ वर्षे, ९० दिवस

सात वर्षांत चार कंपन्या दाखवणारा बायोडेटा समोर आला की मुलाखत घेणारा हमखास विचारतो, 'इतक्या लवकर लवकर का बदलल्यात?' पंधरा वर्षे एकाच ठिकाणी काढलेला माणूस समोर बसला, तर तोच गृहस्थ चष्म्यावरून बघत विचारतो, 'बाहेर कुठं प्रयत्न नाही केलात?' पहिल्याच्या निष्ठेवर शंका, दुसऱ्याच्या कुवतीवर. एका नोकरीत किती काळ राहणे योग्य हे कोणालाच सांगता येत नाही, पण समोरच्याचा आकडा चुकलाय हे मात्र प्रत्येकाला लगेच कळते.

या दोन्ही प्रश्नांमागे समजूत एकच आहे: टिकणे-न टिकणे हा माणसाच्या स्वभावाचा भाग. घरातली जुनी मंडळी म्हणतात, आमच्या वेळी एकदा चिकटलं की रिटायर होऊनच बाहेर. एचआरवाले म्हणतात, या पोरांना लॉयल्टीच नाही. पोरं म्हणतात, लॉयल्टीनं ईएमआय भरता येत नाही. तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण तिघेही मूळ गोष्टीच्या अलीकडेच थांबतात. कोण किती दिवस टिकला आणि नेमका केव्हा निघाला हे जवळून पाहिले, की तिथे बहुतेक वेळा एखादी तारीख, कायद्यातले एखादे कलम किंवा करारातली एखादी ओळ सापडते. आणि ती ओळ निघणाऱ्याने लिहिलेली नसते.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचे आहे. १९१३ साली डेट्रॉइटलगतच्या हायलंड पार्क कारखान्यात फोर्ड कंपनीने सरकती असेंब्ली लाइन सुरू केली. गाडी बनवायला लागणारा वेळ झपाट्याने घटला, उत्पादन वाढले, आणि माणसे पळू लागली. दिवसभर एकाच जागी उभे राहून एकच बोल्ट पिळायचा, तोही लाइनच्या वेगाने. ज्याच्या हातात थोडेफार कसब होते त्याला ते सोसवेना. शहरात दुसरे काम मिळणे अवघड नव्हते. सकाळी घेतलेला माणूस आठवडाभरात न सांगता नाहीसा व्हायचा. त्या एका वर्षात साधारण १४,००० कामगारांची संख्या कायम राखण्यासाठी कंपनीला ५२,००० हून जास्त माणसे भरती करावी लागली. गळतीचा दर ३७० टक्के. आजच्या कुठल्याही एचआर प्रमुखाला हा आकडा ऐकून घाम फुटेल.

५ जानेवारी १९१४ रोजी फोर्डने जाहीर केले की यापुढे आठ तासांच्या दिवसाला पाच डॉलर मिळतील. त्याआधी नऊ तासांचे २ डॉलर ३४ सेंट मिळत. गळती त्याच वर्षी ५४ टक्क्यांवर आली आणि १९१५ मध्ये १६ टक्क्यांवर. लाइन तीच होती, बोल्ट तोच होता, कंटाळाही तोच होता. कामगारांच्या स्वभावात दोन वर्षांत काही क्रांती झाली नव्हती.

पण पाच डॉलरची गोष्ट सांगणारे तिचा उत्तरार्ध सहसा गाळतात. ते पूर्ण पाच डॉलर पगाराचे नव्हतेच. जवळपास निम्मा भाग नफ्यातला वाटा म्हणून होता, आणि तो मिळवायला अटी होत्या. कारखान्यात सहा महिने झालेले असले पाहिजेत, ही एक. दुसरी अट तपासायला कंपनीने 'समाजशास्त्र विभाग' नावाचे वेगळे खातेच उघडले होते. त्याचे निरीक्षक कामगाराच्या घरी जात. घर स्वच्छ आहे का, दारू किती पितो, बचत किती, बिऱ्हाडात भाडेकरू किती कोंबलेत, याची नोंद करीत. नापास झाला तर वाटा बंद. म्हणजे फोर्डने टिकण्याची किंमत मोजली खरी, पण त्या किमतीत कामगाराच्या स्वयंपाकघरात डोकावण्याचा हक्कही पदरात पाडून घेतला. 'किती दिवस टिकलास' यावर पैसे बांधण्याची ही युक्ती पुढे जगभर चालली, आपल्याकडेही.

अमेरिका या बाबतीत सोयीची आहे, कारण तिथले श्रम सांख्यिकी खाते दर दोन वर्षांनी मोजदाद करते. जानेवारी २०२४ मध्ये तिथला नोकरदार सध्याच्या मालकाकडे किती काळ आहे याचा मध्यक ३.९ वर्षे निघाला; २००२ नंतरचा हा सर्वांत कमी आकडा. लगेच 'नव्या पिढीला स्थैर्य नको' असे मथळे आले. आकडे उलगडून पाहिले तर २५ ते ३४ वयाच्यांचा मध्यक २.७ वर्षे आहे आणि ५५ ते ६४ वयाच्यांचा ९.६. सव्विसाव्या वर्षी कोणाची दहा वर्षे नोकरी झालेली असणार, हा साधा हिशेब मथळा देणाऱ्याने केला नाही. सरकारी नोकरीत ६.२, खासगीत ३.५, हा फरक तर वयाइतकाच बोलका आहे.

आणि तरुणांचे हे उड्या मारणे नवीनही नाही. रॉबर्ट टोपेल आणि मायकल वॉर्ड या अर्थतज्ज्ञांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले होते की अमेरिकी तरुण पुरुष कामाला लागल्यापासून पहिल्या दहा वर्षांतच साधारण सात मालक बदलतो, आणि या काळात त्याचा पगार जेवढा वाढतो त्यातला सुमारे तिसरा हिस्सा निव्वळ नोकरी बदलण्याच्या क्षणी पदरात पडतो. ते तरुण आज आजोबा झाले आहेत आणि बहुधा नातवांना लॉयल्टीवर व्याख्यान देत असतील. मधल्या चाळीस वर्षांत खरी पडझड झाली ती दुसऱ्या टोकाला. १९८३ मध्ये ५५ ते ६४ वयाच्या अमेरिकी पुरुषांचा मध्यक १५.३ वर्षे होता; आता तो दहाच्या आसपास आहे. युनियन असलेल्या कारखान्यांतल्या, पेन्शनवाल्या लांब पल्ल्याच्या नोकऱ्या गेल्या. त्या तरुणांनी सोडल्या नाहीत. म्हाताऱ्यांच्या हातून काढून घेतल्या गेल्या.

मुंबईला हे नाटक आधीपासून पाठ आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिरणीमालकांची एक कायमची तक्रार असे: आमचा कामगार अर्धा शेतकरीच आहे, शिमगा आला, गणपती आले, भातलावणी आली की हा रत्नागिरीची बोट पकडतो, याच्या जिवावर उद्योग कसा उभा राहायचा? ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या अहवालांतूनही हे चित्र वर्षानुवर्षे रंगवले गेले. पुढे मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९६५ मध्ये आणि राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मध्ये गिरणगावाच्या इतिहासावर लिहिताना या चित्राची चांगलीच झाडाझडती घेतली. कामगार गावाशी नाते राखून होता हे खरे, पण गिरणीत वर्षानुवर्षे टिकून राहणाऱ्यांची संख्या तक्रारीतून वाटते त्यापेक्षा बरीच मोठी होती. आणि अस्थिरतेचा मोठा भाग गिरणीच्या दारातच तयार होत होता.

तो कसा, हे पाहण्यासारखे आहे. सकाळी भोंगा व्हायच्या आत दारावर बदली कामगारांचा घोळका उभा असे. आत कोणी गैरहजर राहिला की त्या साच्यावर यातला एकजण जायचा. कोणी जायचे ते ठरवायचा जॉबर. त्याला दस्तुरी दिली, त्याच्या गावचा असला, त्याच्या ओळखीच्या खानावळीत जेवत असला तर नाव लवकर निघायचे. उरलेले घरी. सुताला भाव असेल तेव्हा घोळका आत, मंदी आली की घोळका बाहेर, आणि बाहेर बसवलेल्या माणसाला ना नोटीस द्यावी लागे ना भरपाई. अशी पडत्या भावाला बाहेर काढता येणारी माणसे मालकाला हवीच होती. त्यांना दाराबाहेर ठेवायचे आणि वर ती टिकत नाहीत म्हणून गळाही काढायचा, हा दुहेरी खेळ होता. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदलीवाल्यांची नोंद करून त्यांना कार्डे दिली. जॉबरची मनमानी त्याने काहीशी कमी झाली. पण बदली ही संस्था संपली नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले तेव्हाही बदली कामगारांचा प्रश्न मागण्यांमध्ये होताच. गिरणीत दहा-दहा वर्षे बदलीवर काढलेली माणसे लालबाग-परळच्या चाळींत होती. ती टिकून होती. त्यांची नोकरी टिकत नव्हती.

स्वातंत्र्यानंतर कायद्याने या दारात एक खूण केली: २४० दिवस. औद्योगिक विवाद कायद्यानुसार बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले की एक वर्षाची अखंड सेवा धरायची. त्यानंतर कामगाराला काढायचे तर नोटीस आणि भरपाई द्यावी लागते. महाराष्ट्रातल्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्सनी तर याच २४० दिवसांवर बदली आणि टेम्पररी कामगाराला परमनंट होण्याचा रस्ता उघडला. हेतू उत्तम. परिणाम असा की चाकणपासून बुटीबोरीपर्यंतच्या एमआयडीसीत सातव्या-आठव्या महिन्याला 'ब्रेक' नावाचा ऋतू येऊ लागला. नव्या पोराला रूम पार्टनर पहिला प्रश्न 'पगार किती?' असा विचारतो, आणि दुसरा 'ब्रेक कधी?' ब्रेक मिळाला की महिना-दोन महिने गावी किंवा दुसऱ्या कंपनीत, मग पुन्हा तोच गेट, नवा ठेकेदार, नवे गेट पास. हाताखालचे मशीन तेच.

कायदा करणाऱ्यांना हे कळत नव्हते असे नाही. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्यात एक कलमच आहे: परमनंटचे फायदे मिळू नयेत या हेतूने माणसांना वर्षानुवर्षे बदली, कॅज्युअल किंवा टेम्पररी म्हणून ठेवणे ही अनुचित प्रथा. म्हणजे सात महिन्यांचा बायोडेटा हा कोणाचा उद्योग असतो हे सरकारी कागदावर लिहून झालेले आहे. मात्र हेतू सिद्ध करायला औद्योगिक न्यायालयात जावे लागते, आणि तिथली तारीख २४० दिवसांत पडत नाही. मुंबई महापालिकेच्या कचरा वाहतुकीवरच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याच्या आदेशावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले ते २०१७ मध्ये. मधली कंत्राटी व्यवस्था कागदी होती, हे कचरा वाहतूक श्रमिक संघाचे म्हणणे सिद्ध व्हायला खालपासून वरपर्यंतच्या न्यायालयांतून वर्षे गेली. झाडू तोच, वॉर्ड तोच, फक्त ठेकेदार बदलायचे.

खासगी कारखान्यांनाच नावे ठेवण्यात मात्र अर्थ नाही. सरकार या खेळात कच्चे नाही.

अंगणवाडी घ्या. एकात्मिक बाल विकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तेव्हा वा त्यानंतर लागलेल्या कित्येक बायकांनी एकाच गावात, एकाच अंगणवाडीत पंचवीस-तीस वर्षे काढली. गावातली दोन-दोन पिढ्यांची वजने त्यांच्याच वहीत लिहिलेली. देशातल्या कुठल्याही कंपनीने मिरवावी अशी ही निष्ठा. पण सरकारी भाषेत त्या 'मानसेवी', त्यांना मिळते ते 'मानधन', आणि मानधनावर ग्रॅच्युइटी कसली? गुजरातमधल्या सेविकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२२ मध्ये न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सांगितले की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याखाली येतात. तीस वर्षे टिकल्यावर आपण नोकरीत होतो एवढे सिद्ध करायला दिल्लीपर्यंत जावे लागले.

महाविद्यालयांत 'सीएचबी', म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचे त्याहून विचित्र. नेट-सेट झालेले, कित्येकांची पीएच.डी. झालेली. नेमणूक शैक्षणिक सत्रापुरती. तास झाले तेवढे पैसे, सुट्ट्यांचे काही नाही. जूनमध्ये पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत, बऱ्याचदा त्याच केबिनमध्ये त्याच प्राचार्यांपुढे. दहा वर्षे असा शिकवणारा माणूस दहा वर्षांचा अनुभवी म्हणायचा, की दहा वेळा एकेका वर्षाचा? बायोडेटात तो पहिले लिहितो. मस्टर दुसरे म्हणते.

हे एक टोक. दुसऱ्या टोकाला माणसे टिकतात, आणि तिथेही कारण स्वभावात शोधायला नको. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्याने सलग पाच वर्षांची अट घातली. ती पुरी झाली की सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० असेल तर वर्षाला १५,०००, पाच वर्षांचे ७५,०००. चौथे वर्ष संपवून निघालेल्याला शून्य. कर्मचारी पेन्शन योजनेत पेन्शनसाठी दहा वर्षे लागतात. २०१४ मध्ये पीएफचा खातेक्रमांक माणसाबरोबर जाणारा झाला, तोवर तर नोकरी बदलली की जुन्या कंपनीतून पीएफ हलवायला फॉर्म, सह्या आणि हेलपाटे. कंटाळून कित्येकजण रक्कम काढूनच घेत.

सरकारी नोकरीला चिकटून राहण्यामागचा खिळा होता जुनी पेन्शन. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या राज्य कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्राने तो काढला. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत शाळा, तहसील कचेऱ्या आणि इस्पितळे आठवडाभर ठप्प झाली, तेव्हा टीव्हीवरच्या चर्चांत प्रश्न तिजोरीचा होता. कर्मचाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर त्यांनी तीस वर्षे जागा न सोडण्याचा सौदा केला होता आणि त्या सौद्याची दुसरी बाजू परस्पर बदलली होती.

हिंजवडीत सगळेच उलटे दिसते, निदान दिसायला. जून २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिसने आपला गळतीचा दर २८.४ टक्के सांगितला. म्हणजे मागच्या बारा महिन्यांत चारातला एकाहून जास्त माणूस आपणहून निघून गेला होता. टीसीएसचा आकडा सप्टेंबर २०२२ मध्ये २१.५ पर्यंत चढला. त्या वर्षी पुण्यात 'याने पेपर टाकले' ही बातमी रोजची झाली होती. मार्च २०२४ पर्यंत हेच आकडे १२.६ आणि १२.५ वर उतरले. दीड-दोन वर्षांत एका पिढीला अचानक लॉयल्टी फुटली म्हणायचे का? बाहेरच्या ऑफर आटल्या, एवढेच झाले.

ऑफर होत्या तेव्हा माणसे का पळाली, याचे उत्तरही पगाराच्या रचनेत आहे. मोठ्या आयटी कंपन्यांत फ्रेशरचा वर्षाचा पगार दशकभराहून अधिक काळ तीन-साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळला. अप्रेझलमध्ये वाढ मिळते ती टीमला वाटून दिलेल्या बजेटमधून. बाहेरून माणूस घ्यायचा तर पैसा वेगळ्या खिशातून येतो आणि तो बाजारभावाने येतो. त्यामुळे शेजारच्या डेस्कवर नवा आलेला, आपल्याइतक्याच अनुभवाचा मुलगा आपल्यापेक्षा तीस टक्के जास्त घेतोय हे चहाच्या टपरीवर कळते. टिकून राहिल्याचा दंड भरतोय हे एकदा कळल्यावर तिथे बसून राहणाऱ्याला निष्ठावान कोणी म्हणत नाही. मित्र त्याला वेडा म्हणतात.

कंपन्यांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे ९० दिवसांचा नोटीस पिरियड, आणि त्याच्या मागे एक मजेशीर कायदेशीर कहाणी आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या २७ व्या कलमानुसार कोणाच्या व्यवसायावर बंदी घालणारा करार रद्दबातल ठरतो. म्हणून 'नोकरी सोडल्यावर वर्षभर स्पर्धक कंपनीत जाणार नाही' असे लिहून घेतले तरी ते न्यायालयात सहसा टिकत नाही. कॅलिफोर्नियातले असेच कलमही १८७२ चेच. दोन्हींचे मूळ एक: डेव्हिड डडली फील्ड यांनी न्यूयॉर्कसाठी तयार केलेला मसुदा. त्याच कलमाचे श्रेय पुढे सिलिकॉन व्हॅलीला दिले गेले. १९९९ मध्ये रोनाल्ड गिल्सन या कायदेपंडिताने मांडले की बॉस्टनच्या रूट १२८ परिसरातली इलेक्ट्रॉनिक्सची पेठ मागे पडली आणि कॅलिफोर्नियातली पुढे गेली, याचे एक मोठे कारण म्हणजे कॅलिफोर्नियात इंजिनीअरला आज सोडून उद्या समोरच्या कंपनीत जाता येत होते. माणसे हलली, त्यांच्याबरोबर माहिती हलली, आणि सगळ्या खोऱ्याचाच धंदा वाढला. १९५७ मध्ये शॉक्लीची कंपनी सोडून आठजणांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी केली. ते आठजण 'लॉयल' राहिले असते तर व्हॅलीचा इतिहास वेगळा झाला असता.

आपल्याकडे कलम तेच, पण दार नोटीस पिरियडने आवळले. पेपर टाकल्यावर पहिल्या दिवशी मॅनेजर 'चल, चहा घेऊ' म्हणतो. दुसऱ्या आठवड्यात काउंटर ऑफर. मग केटी, म्हणजे आपले काम दुसऱ्याच्या डोक्यात ओतण्याचे सत्र, जे खरे तर पंधरा दिवसांत संपते. उरलेले दोन महिने माणूस 'नोटीस सर्व्ह करतो': लॅपटॉप चालू, मन बाहेर. याच दोन महिन्यांत तो त्या ऑफरवर दुसरी ऑफर मिळवतो, दुसरीवर तिसरी, आणि जॉइनिंगच्या दिवशी पहिल्या दोन कंपन्यांचे एचआर फोन लावत बसतात. गंमत अशी की आपल्या माणसाला ९० दिवस अडवणारी कंपनी नव्या जागेसाठी जाहिरात देते तेव्हा 'इमिजिएट जॉइनर'च मागते. म्हणून काहीजण हातात काही नसताना आधी राजीनामा देतात, कारण मोकळ्या माणसालाच मुलाखतीला बोलावतात. गळती रोखायला बसवलेल्या अडसराने घाऊक ऑफर-खरेदीची पेठ उभी केली. त्याचा दोष पुन्हा 'या पिढी'ला.

सार्वजनिक बँकांत अडसर बाँडचा. विजया बँकेने अधिकाऱ्यांच्या भरतीत अट घातली होती: तीन वर्षांच्या आत सोडलेत तर दोन लाख रुपये भरा. एका अधिकाऱ्याने सोडली, पैसे भरले आणि अटीला आव्हान दिले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अट वैध ठरवली. सरकारी बँकेला जाहिरात, परीक्षा, मुलाखती अशी लांब प्रक्रिया करावी लागते, मधेच माणूस गेला तर तो खर्च वाया जातो, हा मुद्दा न्यायालयाला पटला. युक्तिवाद चुकीचा नाही. भरतीचा खर्च खरा असतो. पण खर्च बुडण्याची भीती एकाच बाजूला असते असे नाही. पुण्यात नवी नोकरी धरणारा माणूस डिपॉझिट भरून फ्लॅट घेतो, मुलांची शाळा बदलतो, बायको तिची नोकरी सोडते. सहा महिन्यांत त्याला 'प्रोजेक्ट संपला' म्हणून सांगितले, तर त्याचे दोन लाख कोणाकडे मागायचे? जून २०२५ मध्ये टीसीएसने नियम केला की वर्षात किमान २२५ दिवस बिल लागणाऱ्या कामावर असले पाहिजे, बेंचवरचे दिवस ३५ च्या आत. पुढच्याच महिन्यात सुमारे १२,००० माणसे, म्हणजे दोन टक्के, कमी करणार असल्याचे जाहीर झाले. त्यांत मधल्या आणि वरच्या फळीतले बरेच होते, टिकलेले लोक.

टिकण्याला काही मोल नाही, असे मात्र यातून काढता येणार नाही. कोणत्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर पहिल्या पावसात जातो हे वायरमनला ठाऊक असते, ते कुठल्याही केटीत सांगता येत नाही. वॉर्डातली जुनी सिस्टर, जिल्हा परिषद शाळेतले जुने गुरुजी, यांच्या जाण्याने जे जाते ते कागदावर उतरत नाही. हे सरकारला कळते म्हणून तर २००५ मध्ये महाराष्ट्राने बदल्यांचा कायदा केला आणि एका पदावर तीन वर्षे हा सर्वसाधारण कार्यकाळ ठरवला. सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०१३ मध्ये सनदी अधिकाऱ्यांना किमान कार्यकाळ द्या, असे सांगितले. तरी तुकाराम मुंढे यांच्या वीस वर्षांत वीसहून अधिक बदल्या झाल्या आणि हरियाणाचे अशोक खेमका ५७ बदल्या पाहून एप्रिल २०२५ मध्ये निवृत्त झाले. या दोघांची नोकरी घटनेने संरक्षित. खुर्ची मात्र वर्षभरही नाही. किमान कार्यकाळ लिहून दिला तरी तो मोडण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याला तो मोडण्याची काही किंमत पडत नाही. अंगणवाडीच्या ताईंना टिकून राहण्याचे मोल मिळाले नाही, मुंढ्यांना टिकूच दिले नाही, आणि सीएचबीवाल्याला दरवर्षी नव्याने टिकवून घेतले. तिन्ही ठिकाणी ठरवणारा दुसराच होता.

टिकून राहणारे हवे असतील तर फोर्डसारखी किंमत मोजावी लागते, त्याच्या निरीक्षकांना घरी ठेवून. माणूस हवा तेव्हा घ्यायचा आणि हवा तेव्हा सोडायचा असेल, तर तोही आपल्याला तसाच वापरेल हे धरून चालावे. देशातल्या बिगरशेती क्षेत्रातल्या पगारी नोकरदारांपैकी निम्म्याहून अधिकांकडे लेखी करारच नाही, हे सरकारच्या श्रमबल पाहणीत वर्षानुवर्षे दिसते. ज्याच्याकडे करार नाही त्याच्याकडून निष्ठा मागायची म्हणजे न लिहिलेल्या व्यवहाराचे व्याज वसूल करायचे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत एक चांगली गोष्ट आहे: मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसाला आता ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे थांबायचे नाही, एक वर्ष पुरे, आणि रक्कम सेवेच्या प्रमाणात. सही करून माणूस घ्यायचा आणि पाचाच्या आत मोकळा करायचा, हा रस्ता त्याने खरोखर अरुंद होईल. मात्र सरकारी खात्यांत आणि निमसरकारी योजनांत अकरा महिन्यांची नेमणूक ही चाल कधीपासूनच रुळलेली आहे, आणि खासगी कंपन्यांच्या कायदा विभागांनाही दिवस मोजता येतात. २४० च्या बाबतीत त्यांनी ते उत्तम मोजले होते. तेव्हा मुदतीच्या नव्या करारांवर शेवटची तारीख काय पडते, ३६४ व्या दिवसाची की ३६६ व्या, तेवढे पाहायचे.